उत्तरे, अठ्ठावीस नग

रंजीता गुरनुले नेमकं काय काम करते, हे अख्ख्या पोंभुर्ण्यात फक्त तिच्या आईलाच सांगता येत होतं. भागीरथाबाई धानाच्या बांधीवर कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरगी चुका जमा करते."

"कोनाच्या वो?"

"लोकाच्या लेकराइच्या. विज्ञानातल्या. पोरानं बरोबर सांगतलं का हिचं तोंड एवढुसं होते. चूक सांगतलं का पेन काढून लिहून घेते."

"मंग थ्या चुका घेते कोन?"

"इद्यापीठ."

"काऊन? इद्यापीठाच्या घरच्या संपल्या का?"

यावर भागीरथाबाई पदर खोचून बांधीत उतरत. हा प्रश्न अधूनमधून रंजीतालाही पडायचा.

रंजीता दहावीत विज्ञानात शाळेतून पहिली आली, तिथून हे सगळं सुरू झालं. पहिली आली म्हणून चंद्रपूरला बीएस्सी. बीएस्सी झाली म्हणून बीएड. बीएड झालं आणि मास्तरांची भरतीच बंद. आता बस येईस्तोवर माणूस नाक्यावर काय करतो? एक चहा पितो, मग आलुबोंडा खातो, मग म्हणतो चला, दाढीच करून घेऊ. तशी रंजीता भरती येईस्तोवर एकेक पदवी करत गेली. एमएड केलं, सेट केली, पेट केली. भरती काही आली नाही, पण एक दिवस तिच्या लक्षात आलं की आता शिकायला फक्त पीएचडी उरली आहे. विषय मिळाला विज्ञानशिक्षण. मुलं विज्ञान कसं समजतात आणि कुठे अडतात, याचं शास्त्र.

विद्यापीठात विज्ञानवाले म्हणाले, ह्या शिक्षणवाल्या. शिक्षणवाले म्हणाले, ह्या विज्ञानवाल्या. दोघांनी फार अदबीने एकमेकांकडे बोट दाखवलं, आणि रंजीताचं टेबल दोन्ही विभागांच्या मधल्या व्हरांड्यात लागलं. तिथे ती आठ वर्षं बसली. त्या आठ वर्षांत तिला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, "म्याडम, फीचा चलान इथीच भेटते का?" सुरुवातीला ती नाही म्हणायची. नंतर नंतर तीच चलान ठेवायला लागली.

तिचे मार्गदर्शक म्हणजे डॉक्टर वामनराव. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आवाज थेट चष्म्यातून. त्यांचा जीव एका शब्दात अडकला होता. "बसा. आज ऊन संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे." मेसमध्ये, "या वरणात मीठ आहे, परंतु संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध होत नाही." त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत कोणी म्हणालं, सर, जावई चांगला आहे. वामनराव म्हणाले, "एकाच जावयावरून काही म्हणता यायचं नाही."

आणि एक गोष्ट विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक होती. तेहतीस वर्षांत वामनरावांना कोणीही, कशाबद्दलही, काहीही पटवून दिलेलं नव्हतं.

यंदा रंजीताचं आठवं वर्ष. दोन्ही मुदतवाढी खाऊन झाल्या होत्या. एकतीस मार्चला संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध टेबलावर पडला तर ठीक, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द म्हणजे अकरा वर्षं घड्याळी तासिकेवर ज्या बीएड कॉलेजात ती शिकवत होती, तिथली कायमची जागा दुसऱ्याची. आराखड्यात पाच गावं लिहिली होती. चार झाली होती, एक उरलं होतं.

ते गाव म्हणजे भामरागडच्या पलीकडचं इरुकपल्ली.

फेब्रुवारीत ती भामरागडला बसमधून उतरली, पुढे एका फटफटीवर मागे बसली, आणि पाठीवर चाळीस प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन इरुकपल्लीत पोचली. गावात ग्रामसभा बसली होती. मधोमध सुकलू भूमिया, गावाचा म्हातारा, बोलणं कमी आणि ऐकणं जास्त. बाजूला सभेचा सचिव बुधू उसेंडी. बुधूकडे एक प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात शिक्का, आणि तो शिक्का तो लेकरासारखा मांडीवर घेऊन बसायचा.

"जोहार बाई. काय पाह्यजे?"

"शाळेतल्या मुलांची उत्तरं पाहिजेत. चोवीस प्रश्न आहेत. फक्त उत्तरं घेऊन जाईन."

"घेऊन जाईन म्हन्जे? कुठी?"

"विद्यापीठात."

बुधूने सुकलू भूमियाकडे पाहिलं. भूमियाने पिशवीकडे. बुधू म्हणाला, "बाई, या गावातून बांबू जाते, थो सभेले विचारून जाते. तेंदूपत्ता जाते, सभेले विचारून जाते. हिरडा, मोहफूल, डिंक, समदं सभेले विचारून. मंग उत्तर काऊन तसंच जाईल?"

"अहो, उत्तर काय वनउपज आहे का?"

"जंगलातल्या गावात झालं ना?"

रंजीताने अकरा वर्षांत संशोधनपद्धतीचे सहा पेपर शिकवले होते. एकाही पेपरात याचं उत्तर नव्हतं. दुपारपर्यंत सभा बोलली, आणि परवानगी मिळाली. एक अट होती. गावातून जे काही बाहेर जाईल, ते गावाच्या एकमताने जाईल. रंजीताला वाटलं, हे परवानगीबद्दल बोलत आहेत. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाचवी ते आठवीची सत्तावीस पोरं सतरंजीवर बसली. रंजीताने घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं. पहिला प्रश्न होता, सागाचा ओंडका पाण्यात टाकल्यास काय होईल? खाली अ, ब, क, ड.

आठवीतल्या एका पोरीने हात वर केला. सुकरी तिचं नाव. दोन वेण्या, आणि भुवया अशा की समोरच्याने आधी काहीतरी चोरलं आहे.

"बाई, ओला का वाळला?"

"कोणताही."

"कोनताही कसा? ओला साग बुडते. वाळला साग तरंगते."

रंजीताचा हात आपोआप पेनाकडे गेला. चार गावांत तीनशे पोरांनी हा प्रश्न सोडवला होता, सगळ्यांनी मुकाट 'तरंगतो'वर खूण केली होती. खुद्द वामनरावांनीही हेच उत्तर बरोबर ठरवलं होतं. पण नियम म्हणजे नियम, संशोधकाने मदत करायची नाही. ती शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली, "वर काय लिहिलं आहे? आपले मत नोंदवा. तुझं मत लिही."

"मत?" सुकरीने कागद पुन्हा वाचला. मग मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. "मत म्हनते, गा."

सत्तावीस पोरं उठली, ओळीने बाहेर पडली आणि गोटुलाकडे, गावाच्या बैठकीच्या जागेकडे, गेली. कारण मत म्हणजे काय, ते इरुकपल्लीत पाचवीच्या पोरालाही माहीत होतं. मत एकट्याने द्यायचं नसतं. मत बसून करायचं असतं.

चाळीस मिनिटांची परीक्षा अडीच दिवस चालली. रंजीता शाळेत घड्याळापुढे बसून राहिली. पहिल्या दिवशी तिने वहीत लिहिलं, "विद्यार्थी विचार करीत आहेत." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "विद्यार्थी अजूनही विचार करीत आहेत. पालक डबा घेऊन गेले." तिसऱ्या दिवशी दुपारी कागद आले. सत्तावीस अक्षरं, सत्तावीस शाया, आणि चोवीसच्या चोवीस उत्तरं सगळ्यांची एकच. पहिल्या प्रश्नाला कोणीही अ, ब, क, ड कशालाच हात लावला नव्हता. खाली सत्तावीस वेळा लिहिलं होतं, "ओला बुडतो, वाळला तरंगतो."

सतरावा प्रश्न होता, दिवसा तारे कुठे असतात? तिथे सत्तावीस जणांनी ड वर खूण केली होती. ड म्हणजे 'सांगता येत नाही'.

"अरे, हे तर पुस्तकात आहे," रंजीता बुधूला म्हणाली. "तारे आकाशातच असतात, सूर्याच्या उजेडात दिसत नाहीत. एकालाही माहीत नव्हतं?"

"सव्वीस जनाइले माहीत होतं. सुकरी राजी नाई झाली. थे म्हनते, पाह्यलं नाई त सही कशी करू?"

"मग सव्वीसचं बहुमत झालं ना!"

"बहुमत तुमच्याकडं असते बाई. इथी एक जन नाई म्हनला त नाई. सव्वीस जनाइनं सुकरीले समजवलं, समजवलं, समजवलं. मंग सुकरीनं सव्वीस जनाइले समजवलं."

बुधूने पिशवी उघडली, शिक्का काढला, आणि बांबूच्या गाडीला देतात तसला वाहतूक परवाना फाडून दिला. मालाचे नाव : उत्तरे. संख्या : २७ नग. प्रकार : कोवळे. वाहतुकीचे साधन : बाई.

वाटेतल्या वनतपासणी नाक्यावर गार्डाने फटफटी अडवली. परवाना वाचला. पुन्हा वाचला. मग गठ्ठा सोडायला लावून त्याने सत्तावीस कागद खरोखर मोजले आणि परवान्यावर तारखेचा शिक्का मारला. "आजकाल काय काय निंघून राह्यलं जंगलातून," असं तो मागच्या माणसाला म्हणाला.

चंद्रपूरला येऊन रंजीताने आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले. पोरांची उत्तरं एकमेकांपासून किती दूर पांगली आहेत, हे सांगणाऱ्या आकड्याला मानक विचलन म्हणतात, आणि वामनरावांचं सगळं शास्त्र त्या आकड्यावर उभं होतं. कॉम्प्युटरने इरुकपल्लीचा आकडा दाखवला, शून्य. पुढचं गणित काढायला सांगितलं तर म्हणाला, काढता येत नाही.

वामनराव कागदाकडे असे बघत राहिले, जणू मेलेला उंदीर आहे. "या गावाला मानक विचलनच नाही?" त्यांनी ते अशा आवाजात विचारलं की ऐकणाऱ्याला वाटावं, गावात नळ नाही. "सत्तावीस मुलं, आणि एकही चूक वेगळी नाही? रंजीता, स्पष्ट बोलतो. हे तुम्ही घरी बसून भरलंत."

"सर, नाही हो!"

"संख्याशास्त्रीयदृष्ट्या तुम्हीच भरलंत."

आठ वर्षं, चार गावं, व्हरांड्यातलं टेबल, चलानांचा ढीग, सगळं रंजीताच्या डोळ्यांपुढून गेलं. तिने पर्स उघडली आणि परवाना पुढे केला. वामनरावांनी चष्मा वर सरकवला. मालाचे नाव, उत्तरे. प्रकार, कोवळे. खाली नाक्याचा शिक्का, तारखेसकट. त्यांच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही संशोधकाने असा पुरावा आणला नव्हता. खोटा म्हणावा तर असलं खोटं सुचणार कोणाला?

"मी स्वतः येतो," ते म्हणाले. "प्रश्न तेच, प्रश्नपत्रिका नवीन. चार वेगवेगळे क्रम. प्रत्येक मूल एकटं, माझ्यासमोर. मिळालं विचलन, तर प्रबंध. नाही मिळालं, तर मी सही करणार नाही."

अठ्ठावीस मार्चला वामनराव टाय लावून इरुकपल्लीत उतरले. त्यांना आधी जेवायला बसवलं. भात, वरण, मुंग्यांची लाल चटणी. चटणी त्यांनी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "आंबटपणा लक्षणीय आहे." हात धुतल्यावर त्यांनी लाखेने बंद केलेलं पाकीट काढलं. "हं. पहिलं मूल पाठवा. एकटं."

बुधू म्हणाला, "एकटं कोनी येत नाई सर. आन तुम्ही आता गावात जेवले."

"बरं मग?"

"जेवले त सभेत बसा लागते. आता तुमचंही मत लागंन. तुम्ही राजी झाल्याबिगर एकही उत्तर गावाभाईर जात नाई."

वामनराव हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरं कोणीच हसत नाही.

अशा रीतीने वामनराव आपलीच प्रश्नपत्रिका सोडवायला गोटुलात बसले. डाव्या बाजूला पाचवीतला एक, उजव्या बाजूला सुकरी. रंजीता खांबाला टेकून पाहत होती आणि मनात म्हणत होती, संपलं. एकीकडे ही पोरगी, एकीकडे हा माणूस, आणि तीन दिवसांनी एकतीस मार्च.

सागावर दोन तास गेले. शेवटी कोणीतरी आजच तोडलेल्या सागाचा हातभर तुकडा नदीत टाकून दाखवला. तो दगडासारखा खाली गेला. वामनराव म्हणाले, "एका तुकड्यावरून…" लगेच तीस तुकडे आले. तिसावा बुडाल्यावर त्यांनी सही केली. रंजीताला वाटलं, हात लागला आभाळाला. पण बाकीचे सगळे उरकून एकोणतीसला सकाळी ताऱ्यांचा प्रश्न आला.

"तारे दिवसाही आकाशात असतात," वामनराव म्हणाले. "हे सिद्ध आहे."

"तुम्ही पाह्यले?" सुकरी.

"बाळ, पाहायची गरज नसते. सिद्ध आहे."

"पाह्यले का नाई पाह्यले?"

"कोणत्याही खोल विहिरीच्या तळातून वर बघितलं की भर दिवसा तारे दिसतात. हे मी तेहतीस वर्षं शिकवतो आहे."

"शिकवता. पाह्यले?"

सुकलू भूमिया दोन दिवसांत पहिल्यांदा बोलला. "शाळेमांगं विहीर हाये. चाळीस हात. पानी लागलंच नाई तिले."

वामनरावांनी रंजीताकडे पाहिलं. रंजीताने खांबाकडे पाहिलं.

बाजेच्या चारी पायांना दोर बांधले. वामनराव टायसकट बाजेवर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हळू." आठ माणसं दोर सोडत गेली. वेळ भर दुपारची, आकाश एकदम साफ, तारा दिसायला यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. सत्तावीस पोरं काठाभोवती पालथी पडून खाली वाकली. रंजीताही वाकली. तळाशी एक छोटा पांढरा चेहरा वर बघत होता.

"दिसतेत का, सर?" सुकरीने आवाज दिला.

खालून काही नाही.

"सर? तारे?"

"थांबा. डोळे सरावू द्या."

पाच मिनिटं गेली, मग दहा. एक पोरगा म्हणाला, झोपले. सुकरीने त्याला कोपर मारलं.

"आता?"

"नाही," खालून घुमून आलं.

"मंग काय दिसून राह्यलं?"

मग विहीर बोलावी तसा आवाज आला, "तुम्ही. सत्तावीस डोकी. आणि एक रंजीता."

"मंग लिहू काय?"

दोर धरणाऱ्यांनी हात बदलले. रंजीताने मनातल्या मनात एकतीस मार्चपर्यंतचे तास मोजायला घेतले. तेवढ्यात खालून वामनराव म्हणाले, "तारे असतात, याबद्दल मला शंका नाही. पण मी पाहिलेत का असं विचाराल, तर…" घसा खाकरल्याचा आवाज. "तर, संख्याशास्त्रीयदृष्ट्या, सांगता येत नाही. वर घ्या."

पोरांनी अशी बोंब मारली की शाळेवरची पाखरं उडाली. वामनराव वर आले, बाजेवरून न उतरताच त्यांनी पेन मागितलं, ड वर खूण केली आणि खाली इंग्रजीत सही ठोकली. बुधूने पिशवी उघडली. मालाचे नाव : उत्तरे. संख्या : २८ नग. प्रकार : कोवळे २७, जून १.

नाक्यावर तोच गार्ड. त्याने परवाना वाचला, कागद मोजले, आणि विचारलं, "हा जून कोनता?" वामनरावांनी फटफटीवरून मुकाट हात वर केला.

एकतीस मार्चला चार वाजून चाळीस मिनिटांनी प्रबंध वामनरावांच्या सहीसकट टेबलावर पडला. इरुकपल्लीच्या प्रकरणात आकडेमोड नव्हती. त्याऐवजी दोन्ही परवाने जोडले होते, आणि सव्वीस जण एकीला कसे समजवतात आणि ती सव्वीस जणांना कशी समजवते, याची अडीच दिवसांची हकीकत होती. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. ते पान उलटून थबकले. "मानक विचलन शून्य? आणि ताऱ्यांच्या प्रश्नाला सगळ्यांनी 'सांगता येत नाही'? शिकलेला कोणी माणूस असं लिहील का?"

रंजीता तोंड उघडणार, इतक्यात शेजारची खुर्ची मागे सरकली. वामनराव उभे राहिले, टाय सारखा केला आणि म्हणाले, "अठ्ठावीस क्रमांकाचा कागद पाहा. अक्षर माझं आहे."

पदवी मिळाली. कायमची जागाही मिळाली. व्हरांड्यातलं टेबल तेवढं तिथेच राहिलं, कारण ते हललं असतं तर चलान कुठे मिळतं ते कोणालाच कळलं नसतं. भागीरथाबाईंनी विचारलं, "मंग, आखरीले किती चुका जमल्या?"

"इरुकपल्लीत एकच, आई. आणि ती माझ्या प्रश्नपत्रिकेत निघाली. ओला का वाळला, ते लिहायचं राहिलं होतं."

"मंग? दुरुस्त करून देल्ली ना वापस?"

जुलै लागायच्या आत इरुकपल्लीहून पत्र आलं, बुधूच्या अक्षरात, खाली शिक्का. "रंजीताबाई डॉक्टर झाल्या असे समजले. विषय सभेत ठेवला. सव्वीस जण राजी आहेत. सुकरी म्हणते, पदवी पाहिली नाही, सही कशी करू. पूर येऊन रस्ता बंद व्हायच्या आधी घेऊन यावे. नाहीतर चार महिने तुम्ही डॉक्टर नाही."

रंजीताने पदवी प्लास्टिकच्या फाईलीत घातली आणि पहाटेची बस धरली. भामरागडकडच्या नाक्यावर फटफटी अडवली गेली. गार्ड पुढे आला, फाईलीकडे बोट करून म्हणाला, "म्याडम, अवंदा काय नेऊन राह्यल्या?"

"पदवी."

त्याने वही उघडली, पेन झटकलं. "किती नग?"

"एक," रंजीता म्हणाली. "पण पक्की नाही अजून. सभेत ठेवायची आहे."